एकतर्फी अनुराग

ज्याला आपण कधीं भेटलों नाहीं, ज्याला आपलें नांवहि ठाऊक नाहीं, आणि आपण उद्यां ह्या जगांत नसलों तरी ज्याच्या दिनक्रमांत यत्किंचित् फरक पडणार नाहीं, अशा मनुष्यावर जीव जडणें हा वेडेपणा कीं मनुष्यस्वभाव, हा प्रश्न आजकाल घरोघर निघतो. घरांतील मुलगा एखाद्या क्रिकेटपटूसाठीं देव पाण्यांत घालून बसतो. सुनेला एखाद्या गायिकेचा आवाज कानीं पडल्यावांचून स्वयंपाकास हुरूप येत नाहीं. आणि वडील मंडळी 'आमच्या वेळीं हीं थेरें नव्हतीं' असें म्हणून कपाळास आठ्या घालतात. वडील मंडळींत आमचीहि गणना होते; तथापि ह्या शेवटच्या वाक्याशीं आम्हांस सहमत होतां येत नाहीं. हीं थेरें आमच्या वेळीं होतीं, आमच्या आजोबांच्या वेळीं होतीं, आणि आमच्या विदर्भांत तर तीं फारच पुरातन आहेत.

वर्धा जिल्ह्याच्या सीमेवरून वर्धा नदी वाहते. आर्वीच्या बाजूनें नदीपर्यंत गेलें कीं पलीकडच्या तीरावर, अमरावती जिल्ह्यांत, कौंडिण्यपूर आहे. हेंच विदर्भराजाचें कुंडिनपूर, अशी आमच्याकडील दृढ समजूत आहे. ह्या नगरीच्या दोन कन्या आपल्या वाङ्मयांत अजरामर झाल्या, आणि दोघींनींहि न पाहिलेल्या पुरुषावर मन ठेवलें. दमयंतीनें हंसाच्या तोंडून नलाचें वर्णन ऐकलें. रुक्मिणीनें घरीं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडून द्वारकेच्या कृष्णाचे गुण ऐकले, आणि पुढें होऊन ब्राह्मणाच्या हातीं पत्रहि पाठविलें. त्या काळीं पत्राचें उत्तर येई. उत्तर म्हणून स्वतः रथ घेऊन येणारा नायकहि असे. आजच्या नायकाकडून फार तर छापील स्वाक्षरीचें छायाचित्र येतें, एवढाच काय तो फरक!

अशा अनुरागास आमच्या साहित्यशास्त्रकारांनीं 'पूर्वराग' असें नांव दिलें आहे. प्रत्यक्ष मीलनापूर्वीं, केवळ ऐकून किंवा पाहून जें प्रेम उत्पन्न होतें तो पूर्वराग. चौदाव्या शतकांतील विश्वनाथानें 'साहित्यदर्पणा'त ह्याची फार मार्मिक फोड केली आहे. ऐकणें घडतें तें दूत, भाट किंवा सखी यांच्या मुखानें. आणि पाहणें घडतें तें चार प्रकारांनीं: प्रत्यक्ष, चित्रांत, स्वप्नांत आणि इंद्रजालांत. मॅट्रिकनंतर गुरुजींपाशीं हा ग्रंथ शिकत असतां ह्या चौथ्या प्रकाराचें आम्हांस नवल वाटे. इंद्रजालांत पाहून कोण प्रेम करील? आज माजघरांत, शय्यागृहांत, इतकेंच नव्हे तर प्रत्येकाच्या तळहातावर जें अहोरात्र चकाकत असतें, तें पाहिल्यावर ह्या शब्दाहून समर्पक शब्द सुचत नाहीं.

विश्वनाथ येथेंच थांबत नाहीं. पूर्वरागाचे तो रंगाऱ्याच्या भाषेंत तीन भेद करतो. पहिला नीळीचा: फार झळकत नाहीं, पण जातहि नाहीं. दुसरा कुसुंबाचा, म्हणजे आपल्या करडईच्या फुलाचा: झळकतो खरा, पण धुवून जातो. तिसरा मंजिष्ठाचा: झळकतोहि आणि टिकतोहि. वाचकहो, हे तीन रंग ध्यानांत असूं द्यावेत. आपल्या घरांतील मुलांच्या मनास कोणता रंग लागला आहे हें ओळखण्यास ते फार उपयोगी पडतात.

आतां पाश्चात्य मानसशास्त्र काय म्हणतें तें पाहूं. डोनाल्ड हॉर्टन व रिचर्ड वोल ह्या दोघां अमेरिकन पंडितांनीं १९५६ सालीं 'सायकिअॅट्री' नामक नियतकालिकांत ह्या विषयावर एक निबंध लिहिला, आणि तेव्हांपासून ह्या संबंधास शास्त्रांत स्वतंत्र नांव मिळालें. त्या वेळीं अमेरिकेंत दूरचित्रवाणी नुकती घरोघर पोंचली होती. पडद्यावरील सूत्रधार प्रेक्षकाच्या डोळ्यांस डोळा भिडवून, जणूं त्याच्या एकट्याशींच गप्पा मारतो. प्रेक्षकहि मनांत त्यास उत्तर देतो. आणि रोजच्या सहवासानें त्यास वाटूं लागतें कीं आपण ह्या मनुष्यास घरच्यासारखें ओळखतों. अंतर राखून घडणारी ही जवळीक दोघांपैकीं एकाच्याच मनांत नांदते. दुसऱ्यास तिची वार्ताहि नसते.

ह्यांत बुद्धीचा दोष नाहीं. मनुष्याच्या मनाची घडण ज्या काळीं झाली त्या काळीं रोज रात्रीं हातभर अंतरावर ज्याचा चेहरा दिसे आणि ज्याचा आवाज कानीं पडे, तो मनुष्य आप्तच असे. मन अजून तोच हिशेब करतें. बुद्धि सांगते, 'हें चित्र आहे'. मन म्हणतें, 'हा तर आपल्यांतला.' शिवाय ह्या नात्यांत एक मोठी सोय आहे. तेथें नकाराचें भय नाहीं. पडद्यावरील माणूस कंटाळत नाहीं, रागावत नाहीं, परीक्षेंत गुण किती पडले हें विचारीत नाहीं. ज्या घरांत दोन वेळां चौदा पानें वाढलीं जातात, त्याहि घरांत सोळा वर्षांच्या मुलास आपलें मन उघडें करण्यास एकहि जागा नसावी, असें पुष्कळदां घडतें. मग तो ती जागा दुसरीकडे शोधतो. ह्या वयांत प्रेम करण्याची शक्ति जागी झालेली असते, पण तिला पात्र मिळालेलें नसतें. दूरच्या मूर्तीवर ती शक्ति पडताळून पाहणें हें एका अर्थीं जलतरणापूर्वीं कांठावर हात-पाय मारण्यासारखेंच आहे.

मागील पिढ्याहि ह्यांतून सुटल्या नव्हत्या. बालगंधर्वांनीं रंगभूमीवर नेसलेलें लुगडें व त्यांची केशरचना पाहून महाराष्ट्रांतील घरंदाज स्त्रिया तशी वेशभूषा करूं लागल्या, हें सर्वश्रुत आहे. आमच्या आजीनें त्यांचें नाटक आयुष्यांत एकदांच पाहिलें होतें. परंतु १९६७ सालीं बालगंधर्व निवर्तल्याची वार्ता आली, त्या दिवशीं तिनें सायंकाळीं जेवण घेतलें नाहीं, असें आमच्या घरीं सांगतात. विचारलें असतां 'आज एकादशी आहे' असें तिनें उत्तर दिलें म्हणे. एकादशी नव्हती. हा झाला नीळीचा रंग.

कुसुंबाचा रंगहि आम्हीं शाळेंत भरपूर पाहिला. आमचा एक विद्यार्थी परीक्षेच्या फीसाठीं मिळालेले पैसे घेऊन वर्धा स्थानकावरून गाडींत बसला, तो थेट मुंबईस एका नटाच्या बंगल्यासमोर जाऊन उभा राहिला. चार दिवस तो त्या गर्दींत उभा होता. चौथ्या दिवशीं सज्जांतून एक हात हालला, आणि हा परत आला. घरीं मार बसला. पण आमच्यापुढें येऊन तो डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, 'गुरुजी, त्यांनीं माझ्याकडेच पाहिलं.' त्या गर्दींतील प्रत्येकजण आपापल्या गांवीं जाऊन हेंच वाक्य बोलला असेल, ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. दोन वर्षांनीं भेटला तेव्हां त्या नटाचें नांव काढतांच तो लाजून हंसला. रंग धुवून गेला होता. वर्ष मात्र फुकट गेलें.

मंजिष्ठाच्या रंगाचें उदाहरण शोधावयासहि आम्हांस जिल्ह्याबाहेर जावें लागत नाहीं. वर्ध्याहून आठ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. तेथें बापूकुटीचें दर्शन घेऊन परतणाऱ्या पुष्कळांस हें ठाऊक नसतें कीं ती कुटी मुळांत मीराबेनसाठीं बांधली गेली होती. ह्या बाईंचें चरित्र म्हणजे एकतर्फी अनुरागाचा संपूर्ण ग्रंथच आहे.

मॅडेलिन स्लेड ही इंग्लंडच्या आरमारांतील सर एडमंड स्लेड ह्या अधिकाऱ्याची कन्या. तिचा जन्म १८९२ सालचा. पंधरा वर्षांची असतां तिनें घरांतील यांत्रिक पियानोवर बीथोवन ह्या जर्मन संगीतकाराची एक रचना ऐकली आणि ती त्याची झाली. बीथोवन १८२७ सालींच मरण पावला होता! ज्यावर जीव जडला तो मनुष्य ह्या पृथ्वीवरच नाहीं, ह्याहून अधिक एकतर्फी प्रीति कोणती असेल? ती त्याच्या जन्मगांवीं बॉनला गेली, व्हिएन्नाला त्याच्या समाधीपाशीं गेली. बीथोवनवर ज्यानें लिहिलें त्या रोमां रोलां ह्या लेखकाचें वाङ्मय मुळांतून वाचतां यावें म्हणून ती फ्रेंच भाषा शिकली आणि अखेर त्यासहि भेटली. रोलांनें तिला आपल्या एका नव्या लहान पुस्तकाविषयीं सांगितलें. तें पुस्तक गांधीजींवर होतें आणि १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. मॅडेलिननें तें वाचलें, आणि दुसऱ्यांदा तिचें आयुष्य एका न पाहिलेल्या मनुष्याच्या स्वाधीन झालें.

येथपर्यंतची हकीकत आमच्या त्या मुंबईस पळालेल्या विद्यार्थ्याहून फारशी निराळी नाहीं. भेद आहे तो ह्यापुढें. तिनें हिंदुस्थानास येणाऱ्या बोटीचें तिकीट काढलें होतें. तें तिनें रद्द केलें. आपली योग्यता अजून झाली नाहीं असें तिच्या ध्यानांत आलें. मग एक वर्षभर ती सूत कातण्यास व विणण्यास शिकली, मांसाहार सोडला, जमिनीवर मांडी घालून बसण्याचा व कठीण शय्येवर निजण्याचा अभ्यास केला, हिंदुस्थानी भाषेचा पाठ घेतला. एवढें झाल्यावर ती निघाली, आणि ७ नोव्हेंबर १९२५ रोजीं साबरमतीच्या आश्रमांत पोंचली. गांधीजींनीं तिला मीरा हें नांव दिलें. एकतर्फी अनुरागाचें शिरोरत्न जी मेवाडची मीरा, तिचेंच नांव ह्या बाईंस मिळावें, ह्यांत केवढें औचित्य आहे!

परंतु मूर्ति प्रत्यक्ष भेटली म्हणजे अनुराग कृतार्थ होतो, ही समजूत चुकीची आहे. खरी परीक्षा तेथून सुरू होते. मीराबेनना गांधीजींचा सहवास हवा होता. गांधीजींस तर साऱ्या देशाची चिंता होती. ते त्यांस पुनःपुन्हां दूर कामावर पाठवीत. विरहानें त्या व्याकुळ होत. त्यांस लिहिलेलीं गांधीजींचीं पत्रें १९४९ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं आहेत. त्यांत ममता आहे, प्रकृतीची विचारपूस आहे. पण एक सूत्र सर्वत्र आहे: ह्या देहाला धरून राहूं नकोस, मीं जें कार्य मानलें आहे त्याला धर. वर्ध्याजवळच्या खेड्यांत मीराबेन ग्रामसफाईचें काम करूं लागल्या आणि पुढें सेगांवांत राहिल्या. ३० एप्रिल १९३६ रोजीं गांधीजीहि सेगांवांत राहावयास आले. त्या वेळीं ठरलें काय? तर गांधीजी आले म्हणजे मीराबेननीं शेजारच्या दुसऱ्या गांवीं जाऊन राहावें! १९४० सालीं सेगांवाचें सेवाग्राम झालें. ह्या नांवामागें अशा कित्येक मनांचें घासणें आहे.

कोणी म्हणेल, गांधीजी कठोर होते. आम्हांस तसें वाटत नाहीं. आपल्यावर कोणीतरी अतोनात प्रेम करतें, हें कळल्यावर तें प्रेम स्वतःच्या पायांशीं साचवून न ठेवतां पुढें वाहतें करणें, हें पूज्य पुरुषाचें कर्तव्य आहे. आजचे बहुतेक लोकप्रिय पुरुष व स्त्रिया ह्याच्या उलट करतात. भक्ताचें प्रेम साठवितात, मोजतात, आणि साबण, पेयें व जुगाराचे खेळ विकणाऱ्यांस भाड्यानें देतात. प्रेम करणाऱ्याचें त्यांत काय होतें, ह्याची फिकीर कोणास नसते.

मीराबेनचा शेवट मात्र आम्हांस अधिक विचार करावयास लावतो. ३० जानेवारी १९४८ रोजीं गांधीजींचा वध झाला तेव्हां त्या ऋषिकेशच्या बाजूस गोसेवेच्या कार्यांत होत्या; त्या दिल्लीस अंत्यदर्शनास गेल्या नाहींत. विरहानें व्याकुळ होणाऱ्या बाईंनीं हें केलें! पुढें १९५९ सालीं त्यांनीं हिंदुस्थान सोडला, आणि त्या ऑस्ट्रियांत, व्हिएन्नाजवळच्या प्रदेशांत, जेथें बीथोवन हिंडला-फिरला त्याच भूमींत राहावयास गेल्या. पंधराव्या वर्षीं लागलेला रंग साठीनंतरहि गेलेला नव्हता. २० जुलै १९८२ रोजीं तेथेंच त्या निवर्तल्या. एका मृत संगीतकाराचें व एका जिवंत महात्म्याचें असें दुहेरी वेड ह्या बाईंनीं जन्मभर वागविलें. परंतु त्या वेडापायीं त्या भाषा शिकल्या, सूत कातलें, खेड्यांतील घाण उपसली, तुरुंगवास सोसला. ज्या वेडानें मनुष्याचे हात कामास लागतात त्यास वेड म्हणावें कीं साधना, हें वाचकांनींच ठरवावें.

महाभारतांतील एकलव्याची कथाहि हेंच सांगते. द्रोणाचार्यांनीं त्यास शिष्य म्हणून स्वीकारलें नाहीं; त्यानें मातीची मूर्ति केली. मातीनें त्यास धनुर्विद्या शिकविली नाहीं. मातीसमोर रोज केलेल्या अभ्यासानें ती शिकविली. आणि जिवंत गुरु समोर आले तेव्हां त्यांनीं अंगठा मागितला! मूर्ति ही मनुष्याहून उदार असते, हें ह्या कथेचें एक कडू सार आहे. म्हणून ज्यानें मूर्ति उराशीं धरली आहे त्यानें मूर्तिमागील मनुष्याकडून फारशी आशा धरूं नये. नट उत्तम असेल, पण शेजारी वाईट असेल. गायक अद्वितीय असेल, पण कर्जबुडव्या असेल. त्याचा गुण घ्यावा. त्याच्या देहासाठीं अंगठा देऊं नये. २४ डिसेंबर १९८७ रोजीं मद्रासेस एम. जी. रामचंद्रन् निवर्तले, तेव्हां त्यांच्या कित्येक चाहत्यांनीं आत्महत्या केल्या. त्यांच्या घरच्यांस ते परत मिळाले नाहींत.

हें सर्व केवळ पुस्तकी ज्ञान राहिलें असतें. परंतु जून २०२० मध्यें तें आमच्या माजघरांत येऊन उभें राहिलें. १४ जून रोजीं सुशांतसिंह राजपूत ह्या तरुण नटाचें अकालीं निधन झालें. महामारीचे दिवस, शाळा बंद, सर्व कुटुंब घरांत कोंडलेलें. आमच्या पुतण्याची थोरली मुलगी तेव्हां सोळा वर्षांची होती. तिनें दोन दिवस अन्नास स्पर्श केला नाहीं. घरांत कुजबूज सुरू झाली. 'ना नात्याचा, ना गोत्याचा. त्याच्यासाठीं अन्न कां टाकायचं?' असें आमच्या वहिनी म्हणाल्या. धाकट्या चुलत्यानें थट्टाहि केली. आम्ही तिच्याजवळ जाऊन बसलों. बराच वेळ ती बोलली नाहीं. मग म्हणाली, 'आजोबा, माझं कोण गेलं हें मला सांगतां येत नाहीं. पण कोणीतरी गेलं आहे.'

आमच्या धर्मशास्त्रांत सुतकाचा केवढा सूक्ष्म विचार आहे! कोणत्या नात्यास दहा दिवस, कोणत्या नात्यास तीन, कोणतें केवळ स्नानानें फिटतें, हें सारें लिहून ठेविलें आहे. ह्या नियमांचा एक उपयोग असा कीं शोक करणाऱ्यास जागा मिळते. लोक येतात, बोलतात, दिवस मोजले जातात, आणि दुःख हळूहळू फिटतें. ज्या दुःखास सुतक नाहीं, त्यास जागा नाहीं आणि समाप्तीहि नाहीं. मूल तें उशींत तोंड खुपसून एकटें भोगतें, वर घरच्यांची थट्टा सोसतें.

आम्हीं तिला 'रडूं नकोस' असें म्हटलें नाहीं. तो नट कसा होता, त्याचें काय आवडे, हें विचारलें. तेव्हां ती तासभर बोलली. त्या नटास आकाशाचा फार नाद होता, त्याच्याजवळ मोठी दुर्बीण होती, ही माहिती आम्हांस तिच्याकडूनच मिळाली. रात्रीं आमच्या कुटुंबानें वरणभात कालवून तिच्यापुढें ठेविला, तो तिनें खाल्ला. पुढें पावसाळा सरल्यावर, त्या वर्षीं आश्विन अधिक होता, आम्ही तिला गच्चीवर नेऊं लागलों. नक्षत्रांचीं संस्कृत नांवें आम्हांस ठाऊक. इंग्रजी नांवें व अंतरें तिला ठाऊक. २१ डिसेंबर २०२० रोजीं गुरु आणि शनि हे दोन ग्रह पश्चिमेस जवळजवळ एकत्र दिसले, तेव्हां ज्या वहिनींनीं नात्यागोत्याचा प्रश्न काढला होता त्याहि शाल पांघरून गच्चीवर आल्या होत्या. भिंतीवरचें त्या नटाचें चित्र मुलीनें एके दिवशीं स्वतःच काढलें आणि पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत ठेवून दिलें. कोणीं तिला तसें सांगितलें नव्हतें. पदार्थविज्ञान हाच आतां तिच्या महाविद्यालयांतील अभ्यासाचा विषय आहे.

तेव्हां वडील मंडळींस आमचें एवढेंच सांगणें आहे. मुलाचें मन कोणावर जडलें आहे हें पाहून घाबरूं नये. त्या जडण्यानें मूल काय करूं लागलें आहे तें पाहावें. तें कांहीं शिकत असेल, गात असेल, धांवत असेल, तर मूर्ति मातीची कां असेना, पूजा फळली असें समजावें. तें केवळ पाहत बसत असेल, घरच्यांशीं बोलणें सोडीत असेल, मूर्तीविरुद्ध कोणी शब्द काढतांच अनोळखी माणसांस शिव्या देत असेल, किंवा पैसे गमावीत असेल, तर वेळींच हात धरावा. पण थट्टेनें नव्हे. थट्टेनें रंग धुतला जात नाहीं, फक्त झांकला जातो. आणि मुलाची झोप, अन्न व जगण्याची इच्छाच नाहींशी होत असेल, तर उपदेश बाजूस ठेवून तत्काळ जाणत्या वैद्याकडे जावें.

बाकी पूर्वराग हा विदर्भाला नवा नाहीं. रुक्मिणीच्या घरीं तिचा भाऊ रुक्मी मोठा होता, समर्थ होता. बहिणीच्या मनांत कोण आहे हें त्यानें तिला एकदां प्रेमानें विचारलें असतें, तर पुढील पुष्कळसा अनर्थ टळला असता.